सुकाणूची शिवण

जुहूला तेव्हा धावपट्टी नव्हती. गवत होतं,
आणि ते कापायला माझा मेहुणा.
मी शिंपी. सदरे-कोट सोडून
विमानांना कपडे घालणारा.
तागाचं कापड ताणायचं, बरगडीला धरून शिवायचं,
वरून डोपचे चार हात.
त्याचा वास साबणाला दाद देत नाही;
घरी जेवायला बसलो की
भाताला पिकल्या केळ्याचा वास.

त्या आठवड्यात माझं बोट पिकलं.
सुई धरवेना.
सुकाणू बैलगाडीत घालून घरी आणलं,
भिंतीशी उभं केलं, कंदील खाली ठेवला,
आणि येसूने ते शिवलं.
मी नुसता टाके मोजत होतो.
"एवढे जवळजवळ कशाला?"
"वर वारा असतो."
"खाली नसतो काय?" म्हणाली,
आणि दाताने दोरा तोडला.
सकाळी वहीत सही माझी.

गुरुवार. ओहोटी.
पोरगा गिरगावचा, आडनाव धैर्यवान,
आणि चढताना पाय लटपटत होते, मी पाहिले.
पुढे कावस मास्तर, मागे तो,
दोघांत बोलायची एक रबरी नळी.

पुढचं हिरू भंडाऱ्याच्या तोंडचं.
तो ताडावर होता, मडकं काढत.
"ते माझ्या खालून गेलं हो!
खाली दोन डोकी. एकाने वर बघितलं.
मी हात केला. दुसरं काय करणार?"

आम्हाला शेडमध्ये आधी ऐकू आलं ते गप्प होणं.
दाणे संपल्यावर जातं रिकामं घरघरतं तसं काहीतरी,
मग तेही नाही.

पोरगा मागे वळायला गेला.
वळू नये, पहिल्याच धड्यात सांगतात.
पण मैदान मागे दिसत असतं,
शेड, पाण्याचा पिंप, आपली टांगलेली टोपी,
कोण नाही वळणार?
मास्तर नळीतून ओरडले.
पोराला ऐकू आला वारा.
मग मास्तरांनी दांडा हिसकला, नाक खाली घातलं,
आणि तिवरांच्या अलीकडे
चिखलाने ते झेललं.

खुबे वेचणाऱ्या बायका पहिल्या पोचल्या.
मी गुडघाभर रुतत, पडत, मागून.
आता सांगतो, तेव्हा कुणाला सांगितलं नाही:
मी आधी माणसं बघितली नाहीत.
पंखा फुटलेला, डावा पंख दुमडलेला,
शेपूट आभाळात,
आणि सुकाणू हलत होतं, जरा इकडे, जरा तिकडे,
कुठे वळू विचारल्यासारखं.
मी टाके मोजले.
सगळे होते.
तेव्हा कुठे मला कण्हणं ऐकू आलं.

मास्तरांचं नाक मोडलं. पोराचे दोन दात, गळ्याचं हाड.
चौकशीला टेबल मांडलं, साहेब आला.
"सुकाणू कोणी शिवलं?"
"मी."
पेट्रोलच्या नळीत मोहरीएवढा कचरा निघाला.
कागदावर एक ओळ इंग्रजीत,
शिलाईत दोष नाही,
समोर माझं नाव. कारकुनाने वाचून दाखवलं, दोनदा,
कारण मी दुसऱ्यांदा मागितलं.

येसूला सांगितलं तर ती म्हणाली,
"दात पुढचे का?"
"पुढचे."
"लग्न व्हायचंय?"
"असावं."
"चिखल मऊ होता म्हणून," म्हणाली,
आणि चुलीकडे वळली.

मार्गशीर्षात पोरगा आला, हात झोळीत,
बोलताना शीळ वाजायची.
पेढ्यांचा पुडा माझ्यापुढे धरला.
"तुमच्या हाताला," म्हणाला.
मी घेतला.
माझं बोट तोवर बरं झालं होतं,
नख मात्र वाकडंच आलं.

पुडा घरी नेला. तिच्या ओंजळीत पालथा केला.
कुणी दिले, कशासाठी, सगळं तोंडाशी आलं होतं.
तिने एक पेढा खाल्ला, थांबली,
बोटं हुंगली.
"केळ्याचा वास येतोय," म्हणाली.